४४ हजारांची रेषा आणि आपला 'गरीब' नावाचा चल

संशोधन-प्रस्तावांत एक वाक्य हमखास भेटतं: 'या अभ्यासात गरीब कुटुंब म्हणजे प्राधान्य गटातलं रेशनकार्ड असलेलं कुटुंब.' वाचायला सोपं, नमुना काढायला सोयीचं. पण हा निकष आतून बघा, मग ठरवा वापरायचा की नाही.

महाराष्ट्रात अन्नसुरक्षा कायदा फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य, प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो. प्राधान्य गटासाठी राज्याने वार्षिक उत्पन्नाची मर्यादा घातली: ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार.

आता साधा भागाकार करू. ४४ हजारांना १२ महिन्यांनी आणि पाच माणसांनी भागलं की माणशी महिना ७३३ रुपये येतात. तेंडुलकर पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ साठी काढलेली देशाची ग्रामीण दारिद्र्यरेषा ८१६ रुपयांची होती. (ती खर्चाची, ही उत्पन्नाची, तुलना ढोबळच आहे.) त्या पद्धतीने महाराष्ट्रातली ग्रामीण गरिबी भरली २४.२ टक्के. आणि कायद्याखाली धान्य द्यायचं होतं राज्याच्या ७६.३२ टक्के ग्रामीण लोकांना! म्हणजे दारिद्र्यरेषेखाली एक-चतुर्थांश माणसं, आणि तिच्याहूनही खालच्या रेषेखाली तीन-चतुर्थांश बसवायची. हे फक्त कागदावरच होऊ शकतं.

तो कागद म्हणजे उत्पन्नाचा दाखला. शेतमजुराकडे किंवा भाजीच्या हातगाडीवाल्याकडे पगारपत्रक कुठून येणार? मग मर्यादेत बसेल असा आकडा लिहिला जातो. याला मी अर्जदाराचा खोटेपणा म्हणणार नाही. कायद्याने दिलेली जागा आणि राज्याने घातलेली मर्यादा यांतली फट त्या आकड्याने बुजवली जाते, इतकंच. पण संशोधकासाठी याचा अर्थ गंभीर आहे. दाखल्यावरचं उत्पन्न हे उत्पन्नाचं मोजमाप नाही. त्यामुळे ४४ हजारांच्या अलीकडची आणि पलीकडची कुटुंबं घेऊन 'रिग्रेशन डिस्कन्टिन्युइटी' करायचा मोह आवरा. रेषेच्या अलीकडे गर्दी आणि पलीकडे शुकशुकाट असेल, तर तुमची तुलना तिथेच संपली.

शिवाय मर्यादा कुटुंबाला आहे, माणसाला नाही. एकटी राहणारी विधवा आणि आठ जणांचं घर, दोघांना तेच ४४ हजार.

तरीही खरी गोम उत्पन्नात नाहीच, ती इष्टांकात आहे. पुरवठा खात्यात हा रोजचा शब्द. आपल्या प्रबंधांत मात्र क्वचितच दिसतो. किती लोकांना धान्य द्यायचं हे कायद्यानुसार केंद्र ठरवतं, तेही जनगणनेच्या प्रसिद्ध आकड्यांवरून. ते आकडे अजून २०११ चेच आहेत. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यामुळे राज्याचा आकडा ७ कोटींच्या आसपासच अडकलाय. इष्टांक भरला की निकषात बसणारं कुटुंबही बाहेर थांबतं. २०१५ नंतर लग्न करून वेगळं झालेलं, कामासाठी तालुका बदललेलं घर आधीच्या कार्डधारकांपेक्षा सुखवस्तू असतं असं थोडंच आहे? ते फक्त उशिरा आलं.

म्हणून 'समावेशनाची चूक' आणि 'वगळण्याची चूक' हे शब्द वापरताना आधी सांगा, कोणत्या रेषेच्या तुलनेत चूक? ४४ हजारांची मर्यादा शब्दशः धरली तर आजचे बहुतेक लाभार्थी 'अपात्र' ठरतील. २०२२-२३ च्या खर्च-सर्वेक्षणात देशातला ग्रामीण सरासरी खर्चच माणशी महिना ३,७७३ रुपये निघाला. असा 'अपात्रांचा' टक्का काढून तुम्ही निबंध छापाल, पण तोच टक्का उद्या कार्डं रद्द करण्याच्या मोहिमेला पुरावा म्हणून जोडला जाईल. आणि दाखला पुन्हा आणून देण्यासाठी मजुरी बुडवणं ज्याला परवडत नाही, त्याचंच नाव आधी कटेल.

प्रश्नावलीत 'रेशनकार्ड आहे का?' एवढ्यावर थांबू नका. केशरी कार्ड असूनही धान्य न मिळणारी घरं भरपूर आहेत. प्राधान्याचा शिक्का आहे का, कोणत्या वर्षी मिळाला, कार्डावर नावं किती आणि घरात जेवणारी माणसं किती, गेल्या महिन्यात पॉस मशीनवर अंगठा लावून किती किलो मिळालं, हे विचारा. आणि कार्ड नसलेल्या घरी: अर्ज केला होता का, आणि तेव्हा काय सांगून परत पाठवलं?