मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

तिसरी-चौथीत शिकणाऱ्या मुलासाठी एखादे 'अभिजात' पुस्तक सुचवा, अशी विनंती घेऊन आमच्याकडे येणारे गृहस्थ बहुधा दोन प्रकारचे असतात. काहींना त्या पुस्तकाने मुलाला कोणते वळण लागेल ह्याची चिंता असते. काहींचा आपण लहानपणी जे वाचले तेच मुलाने वाचावे असा आग्रह असतो. मुलाला ते एका बैठकीत किती झेपेल, आणि जेथे ते थांबेल तेथून दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा उचलावेसे त्याला वाटेल काय, हे मात्र कोणीच विचारीत नाही. चित्रांच्या गोष्टी मागे टाकून प्रकरणांच्या पुस्तकाकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाच्या बाबतीत सारे मर्म येथेच आहे, असे आम्हांस वाटते.

इंग्रजी वाङ्मयाचा अभिमान बाळगणारे घर 'रॉबिन्सन क्रूसो'पासून आरंभ करते. हा ग्रंथ डीफोने १७१९ साली प्रौढांसाठी लिहिला. मुलांनी तो पुढे आपलासा केला. मूळ आवृत्तीत प्रकरणे मुळीच नाहीत. पापपुण्याचे लांबलचक चिंतन आणि बेटावरील उद्योग ह्यांचा एकच अखंड ओघ आहे. तो नऊ वर्षांच्या मुलाने कोठे थांबवावा? ह्याच्या अगदी उलट इटालियन 'पिनोकिओ'. ती कथा १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि कोलोदीने पंधराव्या प्रकरणात लाकडी नायकाला झाडाला फाशी देऊन ती संपविलीही होती. बालवाचकांनी ते चालू दिले नाही. कथा पुढे लिहावी लागली आणि १८८३ साली पुस्तकरूपाने आली. प्रकरण कोठे तोडावे हे ज्या लेखकाला असे वाचकांकडूनच शिकावे लागले, त्याचे पुस्तक मुलाच्या हाती निर्धास्तपणे द्यावे.

मराठीत आम्ही 'श्यामची आई'चे नाव घेतो, आणि ते भीतभीत घेतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या व भा. रा. भागवतांचा फुरसुंगीकर बनेश फेणे ह्यांना शिफारशीची गरज कधीच पडली नाही. 'श्यामची आई'वर मात्र शिफारशींचे एवढे ओझे आहे की, मूल ते पुस्तक औषधासारखे नाक धरून घेते. सानेगुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते पाच दिवसांत लिहून काढले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे ही बांधणीच मुळी तोंडी सांगण्याची आहे, आणि एका रात्रीचा घास एका रात्रीपुरताच आहे. दोष उघड आहेत. आरंभीचा उपदेश पुष्कळदा लांबतो, अश्रू गरजेहून अधिक वाहतात. परंतु 'अळणी भाजी' पाहावी. भाजीत मीठ नाही हे वडील बोलत नाहीत. आईला ते स्वतः जेवायला बसल्यावर कळते. एवढीच गोष्ट! तिचे तात्पर्य सांगणाऱ्या पालकाला आम्ही त्या पंगतीतून उठवू. ताटावर न बोललेले मुलाला समजते. ते प्रत्येक घरी रोज घडत असते.

ह्यावर व्यवहारी मंडळी म्हणतात, मग उपदेश गाळून संक्षिप्त आवृत्ती का देऊ नये? बाजारात सर्वच थोर ग्रंथांच्या तशा आवृत्त्या आहेत. त्यांत कथा राहते, ती सांगणारा माणूस जातो. दहाव्या वर्षी ज्याने चाळीस पानांत 'क्रूसो' संपविला, तो विसाव्या वर्षी मूळ ग्रंथ उघडीत नाही, कारण तो आपण वाचला आहे अशी त्याची खात्री असते. झेपत नसेल तर दोन वर्षे थांबावे. पुस्तक कोठे पळून जात नाही.

हे मत आम्ही वर्गात अनेक वर्षे ठासून मांडले. गेल्या वर्षी आमच्या नातीला वाढदिवसाला 'श्यामची आई' दिले. तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमात. जोडाक्षर आले की ती अडखळते. दोन महिन्यांनी पाहतो तो खूण पहिल्याच रात्रीत अडकलेली. तेव्हा जेवणानंतर रोज एक रात्र आम्ही स्वतः वाचून दाखवू लागलो. पोहायचे टाळून लपणाऱ्या श्यामला आई छडीने बाहेर काढते, तेथे ती खदखदून हसली. मोरी गाय तिने दोनदा वाचायला लावली. परंतु पुढे सावकाराचे कर्ज आले आणि आईचे आजारपण दिसू लागले, तेव्हा आमचा धीर सुटला. पोरीची आई त्या दिवसांत स्वतः रुग्णालयात होती. आम्ही एकतिसावी रात्र संपविली आणि दुसऱ्या दिवशी, काही न बोलता, मधली पाने उलटून पस्तिसावी उघडली.

"आजोबा, मधल्या तीन रात्री कुठे गेल्या?" तिने विचारले.

संक्षेपकारांवर इतकी वर्षे शस्त्र धरणाऱ्या प्राध्यापकाजवळ ह्याचे उत्तर नव्हते. आम्ही म्हटले, त्या जरा दुःखाच्या आहेत. तिने पुस्तक आमच्या हातून घेतले, बत्तिसाव्या रात्रीचे पान शोधले आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावीत वाचू लागली. 'कर्ज' हा शब्द तिला तीनदा अडला. तो आम्हांस सांगावा लागला, त्याचा अर्थही.