संवेग म्हणजे वैराग्य नव्हे

योगसूत्रांच्या पहिल्या पादात, २१ व्या सूत्रात ‘संवेग’ हा शब्द येतो. ज्यांचा तो तीव्र, त्यांना समाधी जवळ. वाचस्पती मिश्रांनी त्याचा अर्थ केला वैराग्य. मला हे कधीच पटलेलं नाही. वैराग्याची व्याख्या पतंजलींनी १५ व्या सूत्रातच दिली, मग सहा सूत्रांनंतर त्याच गोष्टीला नवं नाव कशाला? उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात तर संवेग आणि वैराग्य शेजारी-शेजारी, पण वेगळे सांगितलेत. विज्ञानभिक्षू म्हणतात, उपाय आचरण्यातली शीघ्रता. हे बरं, पण ती शीघ्रता आली कुठून?

धातू पाहा. ‘विज्’ म्हणजे थरथरणं, दचकणं. आपले वेग आणि उद्वेग, दोन्ही त्यातलेच. अश्वघोषाने बुद्धचरिताच्या तिसऱ्या सर्गात याच धातूचं क्रियापद वापरलंय. म्हातारपण कुणालाच चुकत नाही हे सारथ्याकडून ऐकून राजपुत्र हादरतो. कसा, तर जवळच वीज कडाडल्यावर बैल बिचकतो तसा. आणि करतो काय? रथ घराकडे वळवायला सांगतो. संन्यास वगैरे अजून लांब आहे हो! आधी हा धक्का.

वर्गात मी वर्षानुवर्षं संवेगाला ‘उत्कटता’ म्हणत आलो. चूकच ती. उत्कटतेत भीती नसते. जैन टीकाकार मात्र संवेग म्हणजे संसाराची भीती असं स्पष्ट सांगतात. ‘तातडी’ही नको, ती कचेरीतल्या फायलीवरसुद्धा असते. आज शिकवायचं झालं तर मी ‘निकड’ म्हणेन. तिच्यात थोडी धास्ती असतेच.