आधी जागा रिकामी करा

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ॲब्सोल्यूट बॅटमन’ या कॉमिकचा पहिला अंक आला आणि बॅटमन नव्याने जन्मल्याचा जो गजर सुरू झाला, त्याने मला हे लिहायला भाग पाडलं. स्कॉट स्नायडरची कथा दमदार आहे, निक ड्रगॉटाची चित्रं पानातून अंगावर येतात. ब्रूस वेनची आई जिवंत ठेवणं आणि त्याची गडगंज इस्टेट काढून घेणं, हे दोन्ही निर्णय धाडसाचे. पण या ब्रूसचे बालमित्र कोण? वेलन जोन्स, ऑस्वल्ड कॉबलपॉट, हार्वी डेंट, एडवर्ड निग्मा. बॅटमनच्या कथांतली सगळी जुनीच मंडळी, नवी फक्त त्यांची नाती. ही फेरमांडणी उत्तम आहे. तिला नवनिर्मिती म्हणायला मात्र माझा ठाम विरोध आहे.

फेरमांडणीलाच नवनिर्मिती म्हणण्याच्या या दुखण्याचा अस्सल नमुना म्हणजे ‘न्यू ५२’ हा रीबूट. २०११ मध्ये बॅटमनच्या प्रकाशकाने, डीसीने, ५२ मालिका पहिल्या अंकापासून सुरू केल्या आणि त्या प्रत्येक पहिल्या अंकात पँडोरा नावाची, डोकं झाकलेली एक गूढ बाई उभी केली. नव्या पात्राला याहून मोठं व्यासपीठ काय मिळणार? पाच वर्षांत डीसीनेच तिला मारलं. तिला घर नव्हतं, शेजार नव्हता, स्वतःची अशी ओढ नव्हती. विश्वाची घडी का बदलली, याचं कारण पुरवण्यापुरती ती होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्व्हलच्या ‘अल्टिमेट’ विश्वात मात्र नवा स्पायडर-मॅन, माइल्स मोरालेस आला. लेखक ब्रायन मायकेल बेंडिस, चित्रकार सारा पिकेली. ‘अल्टिमेट फॉलआउट’च्या चौथ्या अंकात तो कांगारू नावाच्या भुरट्या खलनायकाशी भिडतो, तेव्हा बघ्यांना पहिली खटकते ती त्याच्या अंगावरची स्पायडर-मॅनची वेशभूषा. नुकत्याच गेलेल्या पीटर पार्करचे, आधीच्या स्पायडर-मॅनचे, कपडे घालणं त्यांना रुचत नाही. इथेच नव्या पोराच्या डोक्यावर ओझं येतं. पुढच्या मालिकेत चार्टर शाळेच्या प्रवेशाची सोडत आहे. ४२ क्रमांकाचा चेंडू निघतो, शेवटची जागा माइल्सला मिळते, आईला अश्रू आवरत नाहीत आणि हा ज्यांचा नंबर लागला नाही त्या मुलांकडे बघत राहतो. कोळी चावणं नंतर कळतं, मुलगा आधी कळतो. शक्ती मिळूनही आपण मागे राहिलो, आधीच पुढे झालो असतो तर पीटर वाचला असता, ही बोच त्याची एकट्याची आहे.

हे शक्य झालं, कारण त्या विश्वात पीटर पार्कर खरोखर मेला होता. जागा रिकामी होती. कमला खानचंही तेच. कॅरल डॅनव्हर्सने ‘मिस मार्व्हल’ हे नाव सोडलं, म्हणून २०१४ मध्ये जर्सी सिटीतल्या त्या मुलीला ते घेता आलं. त्यासाठी रीबूट लागलाच नाही.

उलट २००४ चा ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ पाहा. मुंबई आहे, धोतर आहे, पण पवित्र प्रभाकर म्हणजे पीटर पार्कर, मीरा जैन म्हणजे मेरी जेन, भीमकाका म्हणजे बेनकाका. आपल्या शहरात येऊनही त्याला आपलं आयुष्य मिळालं नाही. पवित्रला स्वतःचा स्वभाव लाभला तो २०२३ च्या स्पायडर-मॅन चित्रपटात.

नव्यासाठी जागा रिकामी करावी लागते, हे प्रकाशकांना कळत नाही असं नाही. डीसीच्या १९८५ च्या ‘क्रायसिस’मध्ये फ्लॅश, म्हणजे बॅरी ॲलन, मेला आणि त्याचा साथीदार वॉली वेस्ट नवा फ्लॅश झाला. वीसहून अधिक वर्षं वाचकांनी त्याला पोरसवदा साथीदारापासून संसारी माणसापर्यंत वाढताना पाहिलं. मग २००८ मध्ये बॅरीला परत आणलं आणि ‘न्यू ५२’ने वॉलीला पुसून टाकलं. २०१६ मध्ये डीसीलाच त्याला परत बोलवावं लागलं. वाचकांची वीस वर्षांची माया कंपनीने कवडीमोल ठरवली होती, आणि हा मला कलेचा सरळ अपमान वाटतो.

यामागे पैसा आहे. १९३८ मध्ये सीगल आणि शुस्टर यांनी आपला सुपरमॅन १३० डॉलरला विकला; या धंद्यात पात्राची मालकी बहुतेक वेळा कंपनीचीच. रॉबर्ट कर्कमनने ‘इन्व्हिन्सिबल’ इमेज या प्रकाशकाकडे नेलं, जिथे हक्क निर्मात्याकडे राहतात. मग कुठल्या शहाण्या लेखकाने आपलं सर्वोत्तम पात्र डीसी-मार्व्हलच्या हवाली करावं? तो ब्रूसच पुन्हा घडवणार, आणि आपण त्यालाच पुनर्जन्म म्हणणार.

हे थांबायला हवं. निर्मात्याला पात्राच्या मालकीत वाटा द्या. नायक मारलात तर त्याला मेलेला राहू द्या. आणि आपण वाचकांनीही जुन्या नावाच्या परतीवर टाळ्या वाजवणं सोडलं पाहिजे, कारण त्या टाळ्यांच्या हिशेबावरच पुढचा वॉली पुसला जाणार आहे.