'फकिरा' : बंड आणि हजेरी

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. फकिराविषयी बोलताना त्याचे शौर्य, त्याचे औदार्य आणि गबऱ्या घोड्यावरील त्याची दौड यांचाच उल्लेख बहुधा आधी होतो. श्रीमंतांस लुटून गरिबांस वाटणारा दिलदार बंडखोर हा साचा आपल्या परिचयाचा असल्याने फकिराला त्यात बसविणे सोपे जाते. प्रस्तुत लेखकास मात्र हे वाचन अपुरे वाटते. कादंबरीतील बंडाचा अर्थ तलवारीपेक्षा हजेरीच्या प्रसंगांतून अधिक स्पष्ट होतो.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला व १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. या कायद्याने माणसाचे कृत्य न पाहता त्याचा जन्म पाहिला. जमात एकदा गुन्हेगार ठरली की तिच्यातील माणसांनी नेमल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. वाटेगावच्या मांगांवर हजेरी लादली जाते, ती कोणा एकाच्या अपराधाची नसते. येथे जमात हीच आरोपी आहे. उमाजी नाईकांची हकीकत आपल्याला बऱ्याच अंशी कॅप्टन मॅकिंटॉश या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या १८३३ च्या ग्रंथातून कळते; म्हणजे तेथे बंडखोराचे चरित्र सरकारपक्षाने लिहिले. 'फकिरा'त ते प्रथमच जमातीच्या आतून लिहिले जाते, आणि म्हणूनच हजेरीला उभ्या राहणाऱ्या माणसाचा अपमान तेथे दिसू शकतो.

योगायोग असा की, एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराचा 'सामाजिक दरोडेखोरी'ची संकल्पना मांडणारा पहिला ग्रंथही १९५९ चाच. राज्यसत्तेच्या दृष्टीने गुन्हेगार व रयतेच्या दृष्टीने वीर, अशी ही मांडणी. अँटोन ब्लॉक यांनी १९७२ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला की, स्थानिक बलिष्ठांच्या आश्रयावाचून दरोडेखोर टिकत नाही आणि तो पुष्कळदा त्यांच्याच कामी येतो. 'फकिरा'त असा आश्रय आहे. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मांगांना काहीही करून जगा, असे सांगणारा विष्णुपंत कुलकर्णी हा गावकामगारच आहे. त्यानंतर माळवाडीच्या मठकऱ्याच्या वाड्यातील धान्य लुटले जाते. परंतु हा आश्रयदाता बंडखोराचा वापर करून घेत नाही. रयतेची भूक पाहून तो स्वतःच कायद्याबाहेर एक पाऊल टाकतो. हे चित्र अतिआदर्श आहे, असे म्हणता येईल, आणि ते काही अंशी खरेही आहे. तथापि त्यामुळे गाव विरुद्ध मांगवाडा अशी ढोबळ विभागणी टळते, हा लाभ लहान नव्हे.

उत्तरार्धात कादंबरीचा तोल काहीसा जातो. बेडसगावचा खजिना लुटल्यानंतर पाठलाग आणि झुंजी यांना इतके स्थान मिळते की, ज्या भुकेतून हे सारे उद्भवले ती मागे पडते. शत्रुपक्षही एकरंगी होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला ही कादंबरी अर्पण करणारा लेखक या पृष्ठांत तलवारीवर जरा अधिकच लुब्ध झालेला दिसतो.

शेवटची शरणागती मात्र पूर्वार्धातूनच सिद्ध झालेली आहे. फकिरा रणात हरत नाही. सरकार त्याच्या माणसांना ओलीस धरते, आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः हजर होतो. एकासाठी सर्वांना जबाबदार धरण्याचे हजेरीचे तत्त्वच येथे पुन्हा वापरले गेले आहे. एकट्या शूराला त्यावर उत्तर नाही. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, आणि 'फकिरा' वाचकांच्या हाती पडली त्याच वर्षी मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांच्या नोंदणीचा कायदा केला.