लग्न लागणे आणि नांदणे : मराठी साहित्यातील विवाहसिद्धीचा एक विचार

विवाह केव्हा सिद्ध होतो, हा प्रश्न धर्मशास्त्राचा व कायद्याचा आहे अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असेही कोणी म्हणेल. परंतु मराठी नाटक आणि कादंबरी यांनी गेल्या सव्वाशे वर्षांत हा प्रश्न पुनःपुन्हा हाती घेतला आहे, आणि शास्त्रकारांना व न्यायाधीशांना न दिसलेल्या काही बाजू त्यांनी दाखविल्या आहेत. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' (१८९९), श्रीधर व्यंकटेश केतकर यांची 'ब्राह्मणकन्या' (१९३०) आणि विजय तेंडुलकर यांचे 'सखाराम बाइंडर' (१९७२) या तीन कृतींच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभी भाषेची साक्ष घेणे उपयुक्त ठरेल. मराठीत लग्न 'लागते' आणि नंतर मुलगी 'नांदते'. पहिले क्रियापद एका मुहूर्ताचे आहे, दुसरे आयुष्याचे. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व कडेला, खानदेश व मराठवाडा यांच्या सीमेवर वसलेल्या नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी आजही मुलीची चौकशी करताना 'लग्न झाले का?' एवढ्यावर कोणी थांबत नाही, 'नांदते ना?' हा दुसरा प्रश्न लगेच येतोच. पहिल्याचे उत्तर होकारार्थी असूनही दुसऱ्याचे नकारार्थी असू शकते, हे लोकांना पक्के ठाऊक आहे. तसेच व्यवहारात 'नांदते' ती स्त्री. पुरुष तिला 'नांदवितो' किंवा 'नांदवीत नाही'. प्रयोजकाचा हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे पुढे दिसून येईल.

'शारदा' नाटकाचा पेच लग्न लागण्याचा आहे. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली अल्पवयीन मुलगी भुजंगनाथ या धनिक वृद्धाला देऊ करतो. लग्नाच्या ऐन वेळी कोदंड वधूवर सगोत्र असल्याचे उघड करतो आणि विधी अपुरा राहतो. पुढे शारदा जीव देण्यास निघते, कोदंड तिला वाचवितो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचा विवाह होतो. जरठकुमारीविवाहाच्या दुष्ट चालीवरील प्रहार म्हणून या नाटकाचे महत्त्व सर्वमान्य आहे. तथापि त्याच्या निर्वहणात एक गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. ज्या अन्यायाने प्रेक्षक व्याकूळ होतो, त्या अन्यायामुळे हे लग्न मोडत नाही. मुलीची विक्री झाली, वराचे वय तिच्या आजोबांचे आहे, तिची संमती कोणी विचारली नाही, यांपैकी एकही कारण मांडवात पुरेसे ठरत नाही. पुरेसे ठरते ते गोत्र. देवलांनी आपल्या नायिकेला ज्या दाराने बाहेर काढले, ते दार विधिशास्त्राने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेले होते. हा नाटककाराचा दुबळेपणा मानण्याचे कारण नाही. १८९९ मध्ये दुसरे दार उघडे नव्हते, हेच नाटकाने प्रामाणिकपणे दाखविले आहे. मुलींच्या विवाहाचे किमान वय कायद्याने ठरविण्यास १९२९ साल उजाडावे लागले. त्या कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणू लागले. वास्तविक हे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आलेले आहे. पण मराठी माणसाला त्यात देवलांची शारदा ऐकू यावी, हेही अर्थपूर्ण आहे.

विधी पुरा झाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर नाटकाबाहेर मुंबईच्या उच्च न्यायालयात आधीच मिळालेले होते. रखमाबाईंचे लग्न बालपणी दादाजी भिकाजी यांच्याशी लागले होते. परंतु त्या नांदावयास कधी गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही ते पुन्हा सुरू करा असे न्यायालय कसे सांगणार, असा त्यांच्या निर्णयाचा मथितार्थ होता. अपिलात हा निर्णय टिकला नाही. १८८७ मध्ये नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम झाला, आणि रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये तडजोडीने प्रकरण मिटले. पुढे रखमाबाई विलायतेत वैद्यकाचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, पिन्ही यांनी 'नांदणे' हा विवाहाचा घटक मानला आणि वरिष्ठ न्यायालयाने 'लागणे' एवढाच. संपूर्ण महाराष्ट्रात जो वाद पेटला तो या दोन क्रियापदांमधला वाद होता, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

'ब्राह्मणकन्या' या कादंबरीत प्रश्न उलटा होऊन येतो. कालिंदीच्या आईकडील पूर्वपरंपरेत मंजुळा नावाची रक्षा असल्यामुळे तिला ब्राह्मण समाजात प्रतिष्ठित विवाह मिळणे दुरापास्त होते. ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर विवाहाविना राहू लागते, तिला मूल होते, पुढे ते संबंध तुटतात आणि अखेरीस रामरावांशी तिचा विवाह होतो. केतकर हे समाजशास्त्रज्ञ व ज्ञानकोशकार. त्यांना कालिंदीच्या नीतीचा निवाडा करावयाचा नाही. ज्या समाजाने तिला लग्नाचे दार बंद केले, त्याच समाजाने ती दाराबाहेर राहिली म्हणून तिला दोष द्यावा, या तर्कदुष्टतेवर त्यांचे बोट आहे. कादंबरीत वैजनाथशास्त्री नवी स्मृती रचू पाहतात, हा भाग अनेक टीकाकारांना कथेला जड झालेले ठिगळ वाटतो. कलादृष्ट्या तो आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तो भाग कादंबरीचा कणा आहे. कालिंदीचे दुःख व्यक्तीच्या सद्‌वर्तनाने दूर होणारे नाही. त्यासाठी नियमच नवा हवा, ही केतकरांची धारणा त्यातून व्यक्त होते. शिवशरणप्पा आणि कालिंदी यांचे सहजीवन खरे होते. पण त्या सहजीवनाच्या बळावर तिला कोणाकडेही काही मागता येत नव्हते. नांदणे होते; ते नांदणे आहे असे म्हणणारे कोणी नव्हते.

'सखाराम बाइंडर' ही या विचारातील तिसरी व सर्वांत कठोर पायरी होय. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका सखाराम घरी आणतो आणि पहिल्याच दिवशी अटी सांगतो. लग्न ही ढोंगी संस्था आहे व आपला व्यवहार उघडा आहे, असा त्याचा दावा असतो. वरवर पाहता त्यात तथ्यही दिसते. चंपाचा फौजदार नवरा विधिपूर्वक नवरा आहे, आणि त्याच्या घरी तिची झालेली विटंबना सखारामच्या अटींपेक्षा कितीतरी भयंकर आहे. परंतु या करारातील सर्व अटी एकाच बाजूने सांगितलेल्या आहेत. ज्या संबंधातून कोणीही केव्हाही जाऊ शकते असे सखाराम म्हणतो, त्यातून जाण्यासाठी त्याच्याकडे घर आहे व लक्ष्मीकडे काही नाही. मोकळीक दोघांना सारखी दिली म्हणून ती दोघांना सारखी वापरता येते असे नाही.

लक्ष्मी या कराराला स्वतःचे उत्तर देते. ती मनोमन सखारामला नवरा मानते आणि त्याच्या नावाचे मंगळसूत्र गुप्तपणे बाळगते. अनेक वाचकांना हे निष्ठेचे रूप वाटते. प्रस्तुत लेखकास ते तसे वाटत नाही. जो विवाह एकट्याने, दुसऱ्याच्या नकळत, कोणाच्याही साक्षीवाचून लावून घेतला जातो, त्यात दुसऱ्याचे वचन नसते आणि स्वतःच्या वचनालाही कसोटी नसते. म्हणूनच या खाजगी पतिव्रत्याचे शस्त्र होते. त्याच अधिकाराने लक्ष्मी चंपाला व्यभिचारिणी ठरविते, सखारामच्या कानावर ते घालते, त्याच्या हातून खून घडतो आणि प्रेत पुरण्यास तीच त्याला बळ देते. सखारामचा साक्षीवाचूनचा करार आणि लक्ष्मीचा साक्षीवाचूनचा विधी हे दोन्ही एकाच खड्ड्यापाशी येऊन थांबतात. तेंडुलकरांनी यावर कसलेही भाष्य केलेले नाही, म्हणूनच ते अधिक बोचते.

तेव्हा विधी आणि सहजीवन या दोहोंखेरीज एक तिसरे अंग या कृतींतून पुढे येते. त्यास 'साक्ष' म्हणावे. यावर एक आक्षेप संभवतो. समाजाची साक्ष म्हणजे समाजाची मान्यता, आणि मान्यतेच्याच जोरावर तर कालिंदीला बाहेर ठेवले गेले! मग साक्षीला महत्त्व देणे म्हणजे जातीच्या पंचायतीला पुन्हा पाटावर बसविणे नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील 'पाट' किंवा 'मोहतूर' यांचे उदाहरण त्याला बळकटीच देईल. अनेक जातींत विधवेचा पुनर्विवाह मान्य होता, संतती औरस मानली जाई. तरीही हा विधी रात्री, आडोशाला, सवाष्णींच्या नजरेआड उरकला जाई, आणि 'लग्नाची' व 'पाटाची' असा भेद त्या स्त्रीला जन्मभर पुरे. समाजाने मान्यता दिली. पण प्रतवारी लावून दिली.

परंतु मान्यता आणि साक्ष या भिन्न गोष्टी आहेत. मान्यता देणारा ती नाकारूही शकतो. साक्षीदार केवळ ऐकतो आणि ऐकलेले विसरत नाही. हा भेद महाराष्ट्रात प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न सत्यशोधक समाजाने केला. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या या समाजाने पुरोहिताविना लग्ने लावली. जोतीराव फुले यांनी १८८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूजाविधीत व त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त वधूवरांनी परस्परांशी बोलावे अशी रचना आहे. स्त्रीच्या हक्कांविषयी वधू विचारते आणि वराला सर्वांदेखत उत्तर द्यावे लागते. पुरोहित वजा केला, पण मांडव वजा केला नाही, हे या योजनेचे मर्म होय. जमलेले लोक परवानगी देण्यासाठी नाहीत. दिलेले वचन ऐकण्यासाठी आहेत.

कायद्याने हे मर्म अद्याप पुरते ओळखलेले नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाने पक्षांपैकी कोणाच्याही रूढीनुसार झालेला विधी ग्राह्य धरला, आणि जेथे सप्तपदी आवश्यक आहे तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो असे म्हटले. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या खटल्यात पहिली पत्नी हयात असता दुसरे लग्न केल्याचा आरोप होता. ते लग्न गांधर्व पद्धतीचे होते असे सांगण्यात आले. आवश्यक विधी झाल्याचे किंवा ते वगळण्याची रूढी असल्याचे सिद्ध होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला दोषमुक्त केले. विधीच्या अपुरेपणाचा जो आधार शारदेला तारतो, तोच येथे पहिल्या पत्नीच्या तक्रारीवर पाणी ओततो. तामिळनाडूने १९६७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून स्वाभिमान विवाहांना, म्हणजे आप्तमित्रांसमक्ष परस्परांना पती-पत्नी म्हणून स्वीकारण्याच्या पद्धतीला, स्पष्ट स्थान दिले. जी कल्पना महाराष्ट्रात त्यापूर्वी नव्वद वर्षे रुजू घातली गेली, तिला महाराष्ट्रात तसे स्वतंत्र कलम मिळाले नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीला संरक्षण दिले. म्हणजे कालिंदीला पंचाहत्तर वर्षांनी मागण्याचा काही अधिकार मिळाला. उलट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विधी न होता केवळ प्रमाणपत्र घेतल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सांगितले. आणि २०२३ च्या निकालानंतर समलिंगी जोडप्यांना कितीही वर्षांच्या सहजीवनावर विवाहाचा दावा करता येत नाही. त्यांच्या नांदण्याला कायद्याने नाव दिलेले नाही. लागणे आणि नांदणे यांचा वाद मिटलेला नाही, असाच याचा अर्थ.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. विधी हा विवाहाचा प्राण नव्हे, हे 'शारदा' आणि रखमाबाईंचा खटला सांगतात. केवळ सहजीवन पुरेसे नाही, हे 'ब्राह्मणकन्या' सांगते. आणि सहजीवनाला खाजगी कराराचा किंवा खाजगी निष्ठेचा आधार देऊन भागत नाही, हे 'सखाराम बाइंडर' सांगते. दोघांनी स्वेच्छेने एकत्र नांदणे, आणि त्या नांदण्याचे वचन अशा रीतीने उच्चारलेले असणे की दोघांपैकी दुर्बळ असेल त्याला उद्या कोणाला तरी 'तुम्ही ऐकले होते' असे म्हणता यावे, एवढे झाले की विवाह सिद्ध झाला असे मानावयास हरकत नसावी. अक्षता टाकण्यास जमलेल्या लोकांचे काम येथे संपत नाही, तर सुरू होते.

शेवटी पुन्हा भाषेकडे वळावे. व्यवहारात स्त्री नांदते व पुरुष नांदवितो. पण वधूवरांना आशीर्वाद देताना आपण 'नांदा' म्हणतो, आणि ते दोघांना उद्देशून म्हणतो. तेथे प्रयोजक नाही, कोणी कोणाला नांदवीत नाही. मराठी आशीर्वादाचे व्याकरण मराठी संसाराच्या व्याकरणापेक्षा पुढे गेलेले आहे. या दोहोंमधील अंतर मोजणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. ते कमी करणे हे आपणां सर्वांचे.