उत्तर न मागणारे पत्र

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. हा अंक आपण खाली ठेवण्यापूर्वीच घरात पहिली लग्नपत्रिका येऊन पडली असण्याचा संभव आहे. जिला वाचक शोधावा लागत नाही आणि जिचा लेखक स्वतःला कधी लेखक म्हणवीत नाही, अशी मराठीतली छापील कृती बहुधा हीच. कथा-कवितांच्या परीक्षणाला आपण पाने खर्ची घालतो; मग या वाङ्मयालाही एकदा कसोटीला लावून पाहावयास काय हरकत आहे?

माझ्यापुढे आहे ती गेल्या वर्षीची अंजूरची पत्रिका. अंजूर हे भिवंडी तालुक्यातले गाव. इतिहास वाचणाऱ्यांना ते ठाऊक असते गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे. साष्टी-वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या हातून सुटावा म्हणून या नाईक मंडळींनी मराठ्यांकडे खटपट केली; १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई चिमाजीअप्पाच्या हाती आली. ‘साष्टीची बखर’ ही हकीगत सांगते. म्हणजे उत्तर आल्यावाचून भागणारच नाही, असे बोलावणे या गावाने एके काळी धाडलेले आहे.

माझी पत्रिका तशी नाही. ती चार पानी आहे, तांबडी आहे, आणि तिच्यावरचा गणपती सोनेरी शाईत आहे. पहिल्या पानावर कुलदैवत व ग्रामदैवत, दुसऱ्यावर वधूवर आणि मुहूर्त, तिसऱ्यावर नावे. हळदीला स्वतंत्र चौकट आहे, आणि ते योग्यच. या पट्ट्यात हळदीची रात्र लग्नाइतकीच, कित्येकदा त्याहून मोठी. नावे मी मोजली. त्र्याऐंशी भरली. आजोबा, काका, मामा, आत्या, मावशा, मित्रमंडळ आणि शेवटी ‘समस्त ग्रामस्थ’. वरवर पाहता हा भाग नीरस. पण पत्रिकेतले खरे नाट्य घडते ते इथेच. कोणते काका कोणाच्या वर, थोरल्या मामांच्या आधी धाकट्यांचे नाव कसे आले, दोन वर्षे बोलणे नसलेल्या भावाचे नाव शेवटी कोणाच्या भिडेने घातले, हे गावातला माणूस एका नजरेत वाचतो. बाहेरच्याला ती यादी दिसते. आतल्याला ती कादंबरी असते.

आता मुख्य वाक्य पाहू. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात, ‘करण्याचे योजिले आहे’ अशी मधली कमान, आणि ‘उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत’ असा शेवट. या वाक्यात कर्ता शोधू गेले तर सापडत नाही. लग्न श्रीकृपेने होते, योजिले ते कोणी हे कळत नाही, आणि ज्याला बोलवायचे तो ‘आपण’ आठशे जणांसाठी एकच. अख्ख्या पत्रिकेत वाचकाशी खरोखर बोलणारी ओळ एकच आहे: ‘माझ्या आत्याच्या लग्नाला नक्की यायचं हं!’ ती ज्याच्या नावे छापली आहे त्या बाळाला अजून बोलता येत नाही. तरीही पत्रिकेतले सर्वांत जिवंत वाक्य तेच, असे माझे स्वच्छ मत आहे.

तळाची टीप तर तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नेमावी अशी. ‘घाईगर्दीत कोणास निमंत्रण देण्याचे राहून गेल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ ज्याला पत्रिका पोहोचलीच नाही, त्याने ही टीप वाचावी कुठे?

या ‘निमंत्रण’ शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. विध्यर्थाचे अर्थ सांगताना पाणिनीने निमंत्रण आणि आमंत्रण वेगवेगळी मोजली आहेत. त्यांतला फरक भट्टोजी दीक्षितांची ‘सिद्धान्तकौमुदी’ उलगडून सांगते. ज्याला नाही म्हणता येत नाही ते निमंत्रण, उदाहरणार्थ श्राद्धाच्या जेवणाला मुलीच्या मुलाला बोलावणे. यावे न यावे हे ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले ते आमंत्रण. आपल्या पत्रिकेने नेमका पहिला शब्द उचलला आणि वर ‘आग्रहाचे’ हे विशेषण चढवले. म्हणजे व्याकरणाने नकाराची जी वाट आधीच बंद केली होती, तिच्यावर आपण कुलूप घातले! उत्तराला जागाच न ठेवणारे असे पत्र दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात आपण लिहिणार नाही.

लग्नाचे बोलावणे याहून वेगळे असू शकते, हे आपल्याच परंपरेत आहे. भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणी कृष्णाला पत्र धाडते. श्लोक अवघे सात. कोणी कोणाला वरले, विवाह कधी, आदल्या दिवशी नगराबाहेर देवीच्या दर्शनाला ती कशी निघणार आणि तिला तेथून न्यावे कसे, सारे त्यात आहे. न आल्यास काय होईल तेही आहे. त्यात ना त्र्याऐंशी नावे, ना टीप. आणि पत्र गेल्यावर ती निवांत बसलेली नाही. ब्राह्मण अजून का परतला नाही, या चिंतेने ती व्याकुळ होते. मग तिचा डावा डोळा लवतो, आणि तोच ब्राह्मण उत्तर घेऊन दारात उभा राहतो. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरे केले. लग्न जमावे म्हणून मुलींनी त्याचे पारायण करावयाची चाल पुढे घरोघर रुजली. त्याआधी तेराव्या शतकात महदंबेने याच लग्नाचे धवळे रचले, आणि भिवंडीच्या पट्ट्यात आजही आगऱ्यांच्या मांडवात धवलारीण धवळे गाते. मांडवात रुक्मिणीचे स्मरण आणि पत्रिकेत मात्र तिच्या पत्राचा लवलेश नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते.

जुन्या गावव्यवहारात ही अडचण नव्हती, कारण बोलावणे माणूस घेऊन येई. अक्षत घेऊन आलेला माणूस ओट्यावर टेकला, पाणी प्याला, की यजमानाच्या चेहऱ्यावर त्याला उत्तर दिसे. शिवाय आवतणातच माप असे. ‘घरटी एक’ म्हटले की एक. ‘चूलबंद’ म्हटले की त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, सगळ्यांनी यायचे. पत्रिकेने ‘सहकुटुंब सहपरिवार’ हे भारदस्त शब्द घेतले आणि ते माप घालवले. छापखान्याने माणसाचे तोंड घेतले, पण कान घ्यायचे राहून गेले. पुढे उत्तरेही छापील झाली. तारखात्यात ठराविक शुभेच्छांना क्रमांक असत. क्रमांक लिहून दिला की आशीर्वाद पोहोचला! २०१३ च्या जुलैत तारही गेली. आता व्हॉट्सॲपवर दोन जोडलेले हात येतात. ते ‘येतो’ म्हणतात की ‘माफ करा’ म्हणतात, हे कोणत्याही टीकाकाराला सांगता यावयाचे नाही.

पत्रिकेने एकदाच खरे बोलून पाहिले. २१ एप्रिल २०२१ च्या सरकारी आदेशाने महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसे आणि २ तास एवढीच मुभा उरली. नियम मोडल्यास ५०,००० रुपये दंड. तेव्हा आलेल्या पत्रिकांतून ‘आपण असाल तेथूनच आशीर्वाद द्यावेत’ अशी ओळ वाचल्याचे मला आठवते. दुःखाचे दिवस होते, पण ते वाक्य खोटे नव्हते. त्याला कर्ता होता, आणि वाचकाची अडचणही त्याला कळत होती.

अंजूरच्या पत्रिकेचा मालक माझा कॉलेजातला मित्र. आचाऱ्याने त्याला विचारले, “पाने किती?” याच्यापाशी आकडा नव्हता. विचारू म्हटले तर ‘येणार का?’ हा प्रश्नच आमच्याकडे अपमान. त्याचा अर्थ ‘नाही आलात तरी चालेल’ असा घेतात. अंदाजाने अकराशे धरली आणि त्यांतली दोनशेच्या वर उरली. रात्री बाराला वाटप करायचे तरी कोणाला? पातेली रिकामी करताना आपण दिव्याकडे पाठ करून उभा होतो, असे त्याने मला नंतर सांगितले. मी मान खाली घातली; कारण त्या दोनशेंत माझे पान होते. जमणार नाही हे आठ दिवस आधी ठाऊक असून मी जोडलेले हात पाठवले होते.

धाकटीचे लग्न या मार्गशीर्षात आहे. गणपतीत गेलो तेव्हा मसुदा त्याने माझ्यापुढे टाकला. ‘तू टीका करतोस ना, मग लिही.’ मी एकच ओळ घातली: ‘येणे जमणार नसेल तर मोकळेपणी कळवावे, राग नाही.’ त्याने ती मोठ्याने वाचली. कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “येऊ नका असं छापून कोणी लग्न करतं का रे?” मी बरेच बोललो. पाणिनी सांगितला, रुक्मिणी सांगितली. रुक्मिणीचे नाव निघताच त्या म्हणाल्या, “तिनं एकालाच बोलावलं होतं.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

हा लेख छापखान्यात जात असताना माझी प्रत आली आहे. ‘श्रीकृपेकरून’ आहे, नावे आता अठ्ठ्याऐंशी आहेत, टीप जिथल्या तिथे आहे, माझी ओळ नाही. मागच्या कोऱ्या जागेत मात्र मित्राने निळ्या पेनाने लिहिले आहे: ‘तुझी किती पाने धरू? खरे सांग.’