ब्रेक्झिट : आर्थिक भाकिते आणि प्रत्यक्ष अनुभव – एक चिकित्सा

प्रास्ताविक

व्यापार गटात सामील झाल्याने देशाच्या अर्थव्यवस्थेवर कोणते परिणाम होतात, हा आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्रातील जुना विषय आहे. जेकब वायनर यांनी १९५० मध्ये व्यापारनिर्मिती व व्यापारविचलन या संकल्पना मांडल्या आणि त्या आपण आजही वर्गात शिकवतो. गटातून बाहेर पडण्याच्या परिणामांविषयी मात्र पाठ्यपुस्तके फारसे बोलत नाहीत, कारण तशी उदाहरणेच दुर्मीळ होती. १९८५ मध्ये ग्रीनलंड युरोपीय आर्थिक समुदायातून बाहेर पडले. परंतु मासेमारीवर जगणाऱ्या त्या विरळ वस्तीच्या प्रदेशावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नव्हता.

ब्रिटनच्या निर्णयाने ही उणीव भरून निघाली. १ जानेवारी १९७३ पासून सदस्य असलेल्या या देशात २३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात सुमारे ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला. प्रस्तुत लेखाचा हेतू केवळ नुकसानीचे आकडे देण्याचा नाही. सार्वमताच्या वेळी केलेली आर्थिक भाकिते कितपत खरी ठरली आणि जी चुकली ती का चुकली, याचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

दोन अहवाल, दोन प्रकारची विधाने

ब्रिटिश अर्थखात्याने सार्वमतापूर्वी दोन अहवाल प्रसिद्ध केले. एप्रिल २०१६ च्या पहिल्या अहवालात दीर्घकालीन अंदाज होता. द्विपक्षीय करार करून बाहेर पडल्यास पंधरा वर्षांनंतर स्थूल देशांतर्गत उत्पादन, सदस्य राहिले असता जेवढे झाले असते त्याहून, ६.२ टक्क्यांनी कमी राहील असे त्यात म्हटले होते. मे २०१६ च्या दुसऱ्या अहवालात तात्काळ परिणामांचे भाकीत होते. केवळ बाहेर पडण्याचे मत दिल्यानेच मंदी येईल, सदस्य राहिले असता जी स्थिती असती तिच्या तुलनेत दोन वर्षांत उत्पादन ३.६ टक्क्यांनी कमी राहील आणि बेरोजगारांची संख्या सुमारे पाच लाखांनी जास्त असेल, असा इशारा त्यात दिला होता.

दुसरे भाकीत चुकले, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. सार्वमताच्या दुसऱ्या दिवशी पौंडाचे मूल्य डॉलरच्या तुलनेत आठ टक्क्यांहून अधिक घसरले, आयात महागली. पण मंदी आली नाही. ग्राहकांनी खर्च चालू ठेवला. बँक ऑफ इंग्लंडने ऑगस्ट २०१६ मध्ये व्याजदर ०.२५ टक्क्यांवर आणला. बेरोजगारीचा दर २०१९ मध्ये ३.८ टक्क्यांपर्यंत खाली आला. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरचा हा नीचांक होता. मुख्य म्हणजे मत दिल्यानंतरही साडेचार वर्षे माल पूर्वीच्याच नियमांनी ये-जा करीत होता. व्यापारातील अडथळ्यांचा परिणाम अडथळे उभे राहिल्यावरच पूर्णतः दिसणार, ही साधी गोष्ट प्रचाराच्या घाईत झाकली गेली.

पहिल्या अहवालाची मांडणीही निर्दोष नव्हती. त्यातून दर कुटुंबामागे वर्षाला ४,३०० पौंड हा आकडा प्रचारासाठी उचलण्यात आला. वास्तविक तो भविष्यातील उत्पादनातील तफावतीला सध्याच्या कुटुंबसंख्येने भागून काढला होता. कुटुंबाच्या हाती येणाऱ्या उत्पन्नातील ती घट नव्हती. सामान्य मतदाराने मात्र त्याचा तसाच अर्थ घेतला असल्यास त्याला दोष देता येणार नाही.

अडथळ्यांचे खरे स्वरूप

२४ डिसेंबर २०२० रोजी झालेल्या व्यापार व सहकार्य करारात आयात शुल्क शून्य ठेवण्यात आले. तरीही खर्च वाढला. माल कोठे तयार झाला याचा पुरावा, सीमाशुल्काची कागदपत्रे, मांस, मासे व दुग्धजन्य पदार्थांसाठी आरोग्य प्रमाणपत्रे या बाबी नव्याने आल्या. लंडनमधील वित्तसंस्थांचा एकाच परवान्यावर संपूर्ण संघात व्यवसाय करण्याचा हक्क संपला. व्यापार गटाचा विचार केवळ जकातीच्या चौकटीत करण्याची आपली सवय किती अपुरी आहे, हे यावरून ध्यानात येते.

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील सेंटर फॉर इकॉनॉमिक परफॉर्मन्सच्या २०२४ मधील अभ्यासानुसार, पूर्वी संघातील देशांना माल पाठविणाऱ्या सुमारे १६,४०० ब्रिटिश व्यवसायांनी ही निर्यात थांबविली. मोठी कंपनी आयर्लंड किंवा नेदरलँड्समध्ये शाखा उघडू शकते. चार-पाच माणसांच्या व्यवसायाला ते परवडत नाही. येथे कारखान्याला टाळे लागल्याची बातमी होत नाही. फक्त एक मागणी नाकारली जाते, एक गुंतवणूक पुढे ढकलली जाते. असे नुकसान मतदाराला दिसत नाही, म्हणूनच ते राजकारणात लवकर मोजले जात नाही.

प्रतिपक्षाची मांडणी

बाहेर पडण्याच्या बाजूनेही अर्थशास्त्रीय युक्तिवाद होता. प्रा. पॅट्रिक मिनफोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते ब्रिटनने एकतर्फी आयात शुल्क रद्द केल्यास उत्पादनात सुमारे चार टक्क्यांची भर पडणार होती. हे प्रतिमान पूर्ण स्पर्धेच्या गृहीतकावर उभे होते. यॉन टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये मांडलेले, देशांमधील व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारमानाबरोबर वाढतो व अंतराबरोबर घटतो, हे निरीक्षण त्यात जवळजवळ दुर्लक्षित राहिले. शिवाय ब्रिटिश शासनाने सर्व शुल्के रद्द करण्याचा मार्ग स्वीकारलाच नाही.

नव्या करारांचा लाभही मर्यादित आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराने उत्पादनात ०.०८ टक्के भर पडेल, असा खुद्द ब्रिटिश शासनाचाच अंदाज होता. जुलै २०२५ मध्ये भारताशी झालेल्या कराराचा दीर्घकालीन लाभ वर्षाला ४८० कोटी पौंड, म्हणजे सुमारे ०.१३ टक्के, धरण्यात आला आहे. भारतीय निर्यातदारांच्या दृष्टीने या कराराचे महत्त्व मोठे आहे. परंतु शेजारच्या बाजारपेठेची जागा दूरची बाजारपेठ घेऊ शकत नाही.

मात्र दुसऱ्या बाजूचीही नोंद घेणे न्याय्य ठरेल. ब्रिटनची सेवानिर्यात अनेकांच्या अपेक्षेपेक्षा चांगली टिकली. स्थलांतर घटेल हा समजही खोटा ठरला. संघातील देशांतून येणारे घटले, तरी इतर देशांतून येणाऱ्यांमुळे निव्वळ स्थलांतराने जून २०२३ अखेरच्या वर्षात नऊ लाखांचा टप्पा ओलांडला.

मोजमापाचा प्रश्न

परिणाम मोजताना ‘ब्रिटन सदस्य राहिले असते तर’ हे काल्पनिक चित्र उभे करावे लागते. अर्थसंकल्पीय उत्तरदायित्व कार्यालयाने दीर्घकालीन उत्पादकतेत चार टक्के घट गृहीत धरली आहे. सेंटर फॉर युरोपियन रिफॉर्मने इतर देशांच्या आकडेवारीतून ब्रिटनची प्रतिकृती रचून जून २०२२ पर्यंत ५.५ टक्के तूट दाखविली. या पद्धतीत एक धोका आहे. प्रतिकृतीत अमेरिकेसारखा देश असल्यास तेथील तंत्रज्ञानक्षेत्राची वाढही ब्रिटनच्या नुकसानीत मोजली जाण्याची शक्यता राहते. त्यात कोविडची साथ व २०२२ मधील ऊर्जेची दरवाढ यांचा गुंता आहेच.

यादृष्टीने निकोलस ब्लूम व सहकाऱ्यांचा नोव्हेंबर २०२५ मधील अभ्यास लक्षणीय ठरतो. देशांची तुलना आणि प्रत्यक्ष व्यवसायसंस्थांची माहिती या दोन्ही मार्गांनी जाऊन त्यांनी २०२५ पर्यंतची तूट ६ ते ८ टक्के मांडली. दोन भिन्न मार्ग साधारणतः एकाच ठिकाणी पोहोचतात, तेव्हा निष्कर्षाला बळकटी येते. २०१६ च्या दीर्घकालीन अंदाजांची दिशा योग्य होती, असे यावरून म्हणावे लागते.

समारोप

येथे एक विसंगती उघड होते. जे भाकीत सर्वाधिक गाजले ते तात्काळ मंदीचे होते आणि तेच चुकले. त्या चुकीमुळे दीर्घकालीन अंदाजावरचाही लोकांचा विश्वास उडाला. बँक ऑफ इंग्लंडचे तत्कालीन मुख्य अर्थतज्ज्ञ अँडी हॅल्डेन यांनी जानेवारी २०१७ मध्ये आपले शास्त्र काही अंशी संकटात असल्याची कबुली दिली होती. परंतु हे संकट सिद्धान्ताचे कमी आणि मांडणीचे अधिक होते. मानसिक धक्क्याचे भाकीत आणि व्यापाररचनेतील बदलाचे अनुमान यांची विश्वसनीयता भिन्न असते. अर्थखात्याने दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने लोकांपुढे ठेवली.

देशाने सार्वभौमत्वासाठी आर्थिक किंमत मोजावी की नाही, हा निर्णय अर्थशास्त्राचा नाही; तो लोकांचा आहे. मे २०२५ च्या लंडन शिखर परिषदेत ब्रिटन व संघ यांनी अन्नपदार्थांवरील तपासण्या कमी करण्याच्या दिशेने पाऊल टाकले, तेही लोकांनीच निवडलेल्या शासनामार्फत. अर्थशास्त्राचे काम ती किंमत किती, कोणावर व किती काळाने पडेल हे प्रामाणिकपणे सांगण्याचे आहे. ‘किती’ हे सांगण्यात अर्थतज्ज्ञ फारसे चुकले नाहीत. ‘केव्हा’ आणि ‘कोणावर’ हे सांगण्यात ते कमी पडले. व्यापार गटांचे प्रकरण शिकविताना आपण अध्यापकांनी या दोन प्रश्नांना ‘किती’ इतकेच महत्त्व दिले पाहिजे. अन्यथा आपले विद्यार्थीही एका चुकलेल्या आकड्यावरून संपूर्ण शास्त्राला निरर्थक ठरवतील.